सही करण्याआधी

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून दर पावसाळ्यात संपादकांची पत्रं जातात, फोन जातात, आणि कथा-कविता-चित्रं त्यांच्या टेबलावर येऊन पडतात. मानधन किती, अंक कधी येणार, एवढं विचारलं जातं. आपण संपादकाला नेमकं काय दिलं, हा प्रश्न मात्र फार थोडे लेखक विचारतात. कॉपीराइट म्हटलं की आपल्याला चोर आठवतो. माझ्या मते मराठी लेखकाचं मोठं नुकसान चोरामुळे होत नाही. ते न वाचता केलेल्या सहीमुळे होतं, किंवा कधी केलाच नाही अशा करारामुळे.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. तो २१ जानेवारी १९५८ पासून लागू झाला. त्यातली पहिली गोष्ट दिलासा देणारी आहे: कथा कागदावर उतरली की हक्क जन्माला आला. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही, © या चिन्हाचीही नाही. नोंदणी केली तर दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातली नोंद न्यायालयात प्राथमिक पुरावा म्हणून धरली जाते. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. नाटक, गाण्यांचा संग्रह, पाठ्यपुस्तक अशा पैसा फिरणाऱ्या कामासाठी ती जरूर करावी. हस्तलिखित स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट बंद ठेवण्याचा जुना सल्ला अजून ऐकू येतो. त्याला नोंदणीचं बळ नाही. तारखेसह पाठवलेली ईमेल आणि जपून ठेवलेले कच्चे खर्डे वाद झालाच तर अधिक उपयोगी पडतात.

हा हक्क शब्दांना मिळतो, कल्पनेला नाही. आर. जी. आनंद यांच्या ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकावरून ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट बेतल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा १९७८ च्या निकालाने हे पक्कं केलं. विषय, कथाबीज, ऐतिहासिक घटना यांवर कोणाचीच मालकी नसते. दोन्ही कृती पाहिल्यावर ‘ही त्याचीच नक्कल’ असं प्रेक्षकाला निःसंशय वाटलं पाहिजे. आनंद हरले. ‘माझी कल्पना चोरली’ म्हणणाऱ्या प्रत्येक नव्या लेखकाने हा निकाल समजून घ्यावा. कल्पना सांगत फिरण्यापेक्षा संहिता पूर्ण लिहून ठेवावी.

आता सहीबद्दल. कायद्याप्रमाणे हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच होतं. अंकाच्या पहिल्या पानावर ‘सर्व हक्क राखीव’ छापलं म्हणून तुमची कथा संपादकाची होत नाही. वेगळं काही लिहून दिलं नसेल, तर तुम्ही त्या अंकापुरती छापण्याची परवानगी दिलेली असते. पुढे ती संग्रहात घेण्याचा हक्क तुमचाच राहतो. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. ही कलमं लेखकासाठी घातलेली आहेत. म्हणूनच ‘कायमस्वरूपी, जगभरासाठी, सर्व माध्यमांत’ हे शब्द करारात दिसले की पेन खाली ठेवावं. या शब्दांनी कायद्याचं बरंचसं संरक्षण पुसलं जातं. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक कुंपण घातलं: करार करताना जे माध्यम अस्तित्वात नव्हतं, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर त्याचे हक्क दिले असं मानता येत नाही. ऑडिओबुकसाठी विचारणा आली की प्रकाशकाला उत्तर देण्याआधी मूळ करार काढून वाचावा. छापील पुस्तक, ई-बुक, ध्वनी, अनुवाद, नाटक-चित्रपट हे वेगवेगळे हक्क आहेत आणि वेगवेगळे देता येतात.

चित्रकार आणि छायाचित्रकारांनी तर अधिक सावध असावं. कोणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं किंवा फोटो काढून घेतला, तर उलट करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा ठरतो. मुखपृष्ठाचं चित्र पुढे कॅलेंडरवर, कपांवर दिसलं तर चित्रकाराचा हात रिकामाच राहतो. दोन ओळींचं पत्र, ‘हे चित्र फक्त या अंकाच्या मुखपृष्ठासाठी’, एवढ्याने हे टळतं.

विकल्यानंतरही एक गोष्ट निर्मात्याकडे उरते. आपलं नाव लावून घेण्याचा आणि कामाची नासधूस झाल्यास दाद मागण्याचा अधिकार कलम ५७ देतं. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं कांस्य भित्तिशिल्प सरकारने १९७९ मध्ये उतरवलं आणि ते मोडकळीला आलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिल्पाचे अवशेष त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. व्हॉट्सॲपवर कवीचं नाव खोडून कविता पुढे पाठवणारा नेमका याच हक्कावर पाय देतो. पुढे पाठवताना नाव ठेवायला काहीच खर्च येत नाही, म्हणून त्याचा राग अधिक येतो.

पुस्तकाची पीडीएफ फिरू लागली तर ती दाखवणाऱ्या पानाचे तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावेत आणि त्या सेवेला लेखी तक्रार करावी. नियमाप्रमाणे त्या सेवेने ३६ तासांत मजकूर अडवायचा असतो आणि तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणायचा असतो, नाहीतर तो पुन्हा खुला होऊ शकतो. दाव्यासाठी दिल्ली-मुंबई गाठावी लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यात तो दाखल करता येतो. स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेचं साहित्य टेलिग्रामवर वाटलं जात होतं, तेव्हा २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या चॅनेलचालकांची माहिती कंपनीला उघड करायला लावली. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. अभ्यास, समीक्षा किंवा वृत्तासाठी योग्य तेवढा उतारा घेणं मात्र गुन्हा नाही, आणि नसावंही.

हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आधी ही मुदत ५० होती. रवींद्रनाथांचं साहित्य १९९१ अखेर खुलं होणार होतं, तेव्हा ती वाढवली गेली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून सर्वांची झाली आणि आज ती अनेक प्रकाशकांकडून स्वस्तात मिळते. चिं. वि. जोशींचं लेखन २०२४ पासून मोकळं आहे. खांडेकर मात्र २०३६ अखेरपर्यंत वारसांचे. मरणोत्तर प्रथम प्रकाशित झालेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. म्हणून १९५२ च्या संग्रहातली बहिणाबाईंची गाणी २०१३ पासून खुली आहेत.

साठ वर्षांत वारस तिसऱ्या-चौथ्या पिढीत जातात, मुलं परदेशी जातात, आणि चांगलं पुस्तक पुन्हा छापायला निघालेल्या प्रकाशकाला परवानगी मागायची कोणाकडे हेच कळत नाही. पुस्तक तसंच पडून राहतं. घर आणि ठेवींइतकाच कॉपीराइटही मृत्युपत्रात लिहिता येतो. एकाच व्यक्तीला किंवा एखाद्या संस्थेला तो द्यावा, सोबत सगळ्या करारांच्या प्रती ठेवाव्यात, आणि कोणाला विचारायचं हे प्रकाशकालाही पत्राने कळवून ठेवावं.