मांजराची दिंडी

दिंडी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आषाढीची वारी येते. पण जुन्या वाड्याच्या मोठ्या दरवाजात माणसाने वाकून आत जाण्यापुरते जे लहान दार असते, त्यालाही दिंडीच म्हणतात. प्रस्तुत लेखाचा विषय या दिंडीचे धाकटे भावंड आहे. मांजराला आपल्या मर्जीने जाता-येता यावे म्हणून कवाडाला पाडलेले झापेचे भोक, हा तो विषय. प्राध्यापक मंडळी हसतील, तर हसोत. ज्यांच्या घरी वर्षाचे धान्य पोत्यात असते ते हसणार नाहीत.

आमचे घर मंठा तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. पूर्वी ते माळवदाचे होते. तेथे मांजराला वाट शोधावी लागत नसे. छताला उजेडासाठी ठेवलेले भोक होते आणि उंबऱ्यापाशी झिजलेले लाकडी कवाड होते. पुढे घरकुल मंजूर झाले, स्लॅब पडला, लोखंडी पत्र्याचे कवाड बसले, खिडकीला जाळी आली. मांजर बाहेर राहिले आणि उंदीर मात्र आत आले. घरातला लहान उंदीर पाव इंचाच्या फटीतून अंग चोरून शिरतो. मांजराला निदान डोके मावेल एवढी वाट लागते. म्हणजे आमचे पक्के घर मांजरापुरतेच पक्के झाले.

उन्हाळ्यात पेरणीसाठी राखलेल्या सोयाबीनच्या तीन थैल्यांपैकी एक खालून फोडलेली निघाली. घरचे बियाणे गेले की जूनमध्ये दुकानातून उधारीवर आणावे लागते आणि माझी कॉलेजची फी त्याच सुमारास भरायची असते. दोन्ही खर्च एकाच खिशातले. वडिलांनी उंदराचे औषध आणले. आजी म्हणाली, "घरात रांगतं लेकरू हाय, अन् तू इख ठिवतूस व्हय?" आजीचे म्हणणे शास्त्राला धरून होते. ते काळे औषध म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी त्याचा संबंध आला की फॉस्फिन नावाचा विषारी वायू तयार होतो, आणि पोट उंदराचे आहे की लेकराचे हे त्याला कळत नाही. शिवाय विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेही जिवानिशी जाऊ शकते.

उंदीर-मांजराचा हा प्रश्न विद्वानांनीही हाताळलेला आहे. प्लेगच्या काळात अमरावतीचे सिव्हिल सर्जन असलेले बुकॅनन यांनी १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लेख लिहून मांजरे पाळण्याची शिफारस केली होती. ज्या गावात बहुतेक घरी मांजर, तेथे प्लेगचा उपद्रव कमी, असे त्यांचे म्हणणे. मांजरालाही प्लेग होऊ शकतो हे आज ठाऊक आहे, तेव्हा हा उपाय सरसकट मानता येणार नाही; पण वऱ्हाडातल्या गावोगावची मांजरे मोजणारा डॉक्टर मला तरी थोर वाटतो. आणि प्लेग ही केवळ पणजोबांच्या काळची गोष्ट नव्हे. ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगचे रुग्ण आढळल्याची नोंद आहे.

मांजराच्या भोकाची कल्पना न्यूटनची, असे पुष्कळांनी ऐकले असेल. मोठ्या मांजरासाठी मोठे आणि पिल्लासाठी लहान भोक पाडणारा विसराळू शास्त्रज्ञ गोष्टीत शोभतो. पण न्यूटन जन्मला १६४२ साली, आणि १४०० साली वारलेल्या चॉसर या कवीच्या काव्यात मांजराच्या ये-जा करण्याचे भोक आधीच आलेले आहे. इंग्लंडमधील एक्झेटरच्या कॅथेड्रलच्या चौदाव्या-पंधराव्या शतकांतील हिशेबात तर मांजरासाठी तिमाही १३ पेनी खर्ची टाकलेले आहेत! तेथल्या एका जुन्या दाराला मांजराचे गोल भोक अजून आहे.

आता आमच्या कवाडाकडे वळू. भोक सहा इंच रुंद आणि सात इंच उंच पुरते. त्याची खालची कड जमिनीपासून पाच इंचांवर, म्हणजे साधारण मांजराच्या पोटाच्या उंचीला असावी. फार वर घेतले तर ते उडी मारते आणि झापेला धडकते. जागा कडीपासून लांब निवडावी, नाहीतर चोरालाही हात घालायची सोय होते. वेल्डिंगवाल्या काकांनी ग्राइंडर हातात घेऊन विचारले, "नव्या कवाडाला भोक पाडायलास व्हय रं?" कारण सांगितल्यावर त्यांनी मजुरी घेतली नाही, मात्र आपल्या घराचे माप मला घ्यायला लावले.

कापलेल्या पत्र्याची धार वस्तऱ्यासारखी असते. ती कानशीने घासून, ठिबकची नळी उभी चिरून कडेने बसवली. झापेसाठी ट्रकच्या चाकामागे लोंबते ते रबर घेतले. पत्र्याची झाप वाजते आणि मांजर बिचकते. रबर वाकते आणि आपल्या वजनाने जागेवर येते. ते भोकाच्या मापाचेच कापून वरून पट्टीने दोन बोल्टांत आवळले. फट राहिली तर उंदीर तिचा फायदा घेणारच. वाऱ्याने झाप हलू नये म्हणून खालच्या टोकाला जुन्या पर्सच्या बटणातले लहान लोहचुंबक शिवले. मोठे लावू नये, मांजराला ढकलता येत नाही. उंदीर रबरही कुरतडतात, तेव्हा अधूनमधून झाप पाहावी.

आई सापाला भ्याली. भीती खरी आहे. उंदरामागे साप येतो आणि पाच इंचांची चढण त्याला अवघड नाही. म्हणून आतल्या बाजूला सरकती पत्र्याची पट्टी केली. पावसाळ्यात मांजर आत आले की ती लावतो. बाहेर फिरणाऱ्या मांजराला रेबीजची लसही टोचून घ्यावी.

मांजर नवी वाट लगेच धरीत नाही. पहिले चार दिवस झाप दोरीने वर बांधून ठेवली आणि पलीकडे दूध-भाकरीचा काला ठेवला. मग झाप रोज थोडी खाली सोडत गेलो. आमच्या भाटीला आठ दिवस लागले. शेजारच्या बोक्याने ती युक्ती दोन दिवसांतच उचलली, त्यामुळे दुधाचे पातेले आता शिंक्यावर असते.