चुकलेल्या उत्तरामागचा हिशेब

मागील पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतील विहाराच्या वरच्या खोलीत आम्ही काही मंडळी संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालवतो. एके दिवशी भाजीची गाडी लावणाऱ्या एक वहिनी पाचवीतल्या मुलाला हाताला धरून आल्या. म्हणाल्या, "भाऊ, शाळेत सांगितलं, हा मठ्ठ आहे, याच्या डोक्यात गणित शिरायचं नाही. याला काढून गाडीवरच बसवते. तुम्ही काय म्हणता?"

आम्ही मुलालाच विचारले, मेथीची जुडी १५ रुपयांना, गिऱ्हाइकाने सात घेतल्या आणि २०० ची नोट दिली, तर परत किती देशील? "९५," पोरगा लगेच म्हणाला. कसे रे? "चार जुड्यांचे ६०, तीनचे ४५, झाले १०५." मग तेच गणित वहीत मांडायला सांगितले. १५ च्या खाली ७ लिहून तो पेन्सिल चावत बसला. हातचा कुठे मांडायचा, हे त्याला काही केल्या आठवेना.

हा मुलगा मठ्ठ कसा?

आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून, मानसशास्त्राचे पंडित नव्हे. पण त्या दिवसापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. त्यातले जे पटले ते येथे सांगतो.

जाँ पियाजे हे स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ, जन्म १८९६ चा. १९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये ते मुलांच्या बुद्धिमापन चाचण्यांचे काम करीत होते. काम सोपे, बरोबर किती आणि चूक किती एवढेच मोजायचे. पण पियाजेंचे लक्ष चुकांकडे गेले. एकाच वयाची मुले एकाच तऱ्हेने चुकत होती. म्हणजे लहान मूल कमी विचार करते असे नाही, ते निराळा विचार करते. पुढे त्यांनी स्वतःच्या तीन मुलांचे पाळण्यापासून निरीक्षण केले आणि बुद्धीच्या वाढीचे चार टप्पे मांडले. पहिली दोन वर्षे हाताळून, चाखून शिकण्याची. सातव्या वर्षापर्यंत दिसते त्यावर विश्वास ठेवण्याची. अकराव्यापर्यंत प्रत्यक्ष वस्तूंच्या आधारे तर्क करण्याची. आणि त्यापुढे मनातल्या मनात 'असे झाले तर' हा विचार करण्याची.

त्यांचा एक प्रयोग आपल्याला घरी करता येतो. सारखे दोन ग्लास घ्या, काचेचे. स्टीलचे चालणार नाहीत, पाणी दिसायला हवे. दोन्हींत सारखे पाणी भरून चार वर्षांच्या मुलाला दाखवा. मग त्याच्यासमोर एका ग्लासातील पाणी उंच, अरुंद बाटलीत ओता आणि विचारा, आता जास्त कशात? बहुतेक मुले बाटलीकडे बोट दाखवतील. कितीही समजावले तरी ऐकणार नाहीत. तेच मूल सात-आठ वर्षांचे झाले की म्हणेल, पाणी तेवढेच, नुसते ओतलेय. म्हणून तीन वर्षांच्या पोराकडून शंभरपर्यंत आकडे घोकून घेणाऱ्या पालकांनी जरा थांबावे. आकडे पाठ होतील, संख्या कळेलच असे नाही.

मात्र पियाजेंचे सगळेच टिकले नाही. मार्गारेट डोनाल्डसन या बाईंनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, प्रश्न मुलाच्या ओळखीच्या रीतीने विचारला तर पुष्कळ लहान मुलेही बरोबर उत्तर देतात. दोन सारख्या रांगांपैकी एक रांग मास्तरांनी पसरवली की मूल गोंधळते. तेच एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीने विस्कटली, तर 'दोन्हीकडे तेवढेच' म्हणणारी मुले वाढतात. मूल मास्तरांच्या मनातले ओळखायला जाते आणि तिथेच फसते.

दुसरे नाव लेव विगॉट्स्की. यांचाही जन्म १८९६ चाच, पण झारशाहीच्या रशियातील ज्यू कुटुंबात. मॉस्को विद्यापीठात तेव्हा ज्यूंना अगदी थोड्या जागा ठेवलेल्या होत्या. त्यासाठी चिठ्ठ्या टाकत, आणि यांची चिठ्ठी निघाली. नसती निघाली तर? असो. १९३४ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी, ते क्षयाने गेले. त्यांचे म्हणणे असे. दहा वर्षांची दोन मुले एकट्याने आठ वर्षांच्या मुलाइतकीच गणिते सोडवतात. दोघांना सारखेच कच्चे म्हणाल. पण जरा हात दिला तर एक नऊ वर्षांच्या पातळीवर जातो आणि दुसरा बारा वर्षांच्या. मग दोघे सारखे कसे? मूल आज एकटे काय करते एवढ्यावर त्याचे मोल ठरवू नका, मदतीने कुठवर जाते ते पाहा. शाळेची परीक्षा नेमके हेच पाहत नाही. ज्या घरात मदतीला कोणी शिकलेले नाही, तिथल्या मुलाचा निकाल त्यामुळे आधीच लागलेला असतो.

आमच्या वहिनींच्या मुलासारखीच मुले ब्राझीलमधील रेसिफे शहरात सापडली. तेथील तीन संशोधकांनी १९८५ साली बाजारात माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास छापला. मुले थोडी, पण आकडे डोळे उघडणारे. बाजारात विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के बरोबर. कागदावरच्या शाब्दिक उदाहरणांत ७४ टक्के. नुसत्या आकडेमोडीत ३७. एका बारा वर्षांच्या मुलाने ३५ चे चार नारळ तोंडी १४० सांगितले. कागदावर ३५ गुणिले ४ केले आणि उत्तर आले २००! हातचे दोन त्याने आधी तिनात मिळवले आणि मग चाराने गुणले. २०२५ साली कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतील मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसले. उलट शाळेत जाणारी मुले बाजारच्या हिशेबात अडखळली.

यावरून गाडी बरी, शाळा कशाला, असे कोणी समजू नये. गाडीवर बीजगणित येत नाही, आणि पुढचे दरवाजे त्याशिवाय उघडत नाहीत.

आमच्याही घरची कबुली देतो. आमची कन्या तिसरीत असताना ५२ मधून २७ वजा केले की ३५ लिहायची. तीन संध्याकाळी आम्ही ओरडलो, एकदा हातही उगारला. शेवटी तिच्या आईने विचारले, "कसं केलंस गं?" ती म्हणाली, "मोठ्यातून लहान काढायचं ना? सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." चूक होती, पण बेशिस्त नव्हती. मग आईने दहाच्या पाच नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी पुढे ठेवली. म्हणाली, आता मला २७ दे. पोरीने दोन नोटा दिल्या, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "आई, एक नोट मोडून दे ना." हातचा म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळले. आम्ही दिवसभर ऑफिसात लोकांच्या बेरजा तपासतो, पण 'कसं केलंस' हे विचारायचे आम्हाला सुचले नव्हते.

वहिनींना आम्ही सांगितले, पोराला काढू नका, सहामाहीपर्यंत आम्हाला द्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तो गाडीवरचे पाच हिशेब सांगतो. आधी तोंडी, मग नोटा मांडून, मग वहीत. बरोबर असो वा चूक, एकच प्रश्न विचारतो, कसं केलंस? सहामाहीत गणितात ३५ पैकी १४ आले. नापासाच्या सीमेवरचेच म्हणा. वहिनी अजून साशंक आहेत, पण शाळेतून काढलेले नाही. परवा वर्गात सुट्टे पैसे कमी पडले, तेव्हा दुसरीतल्या एका मुलीला नोट मोडणे तोच समजावून देत होता.