किचनमधला फळा घरीच कसा बनवायचा? आणि घरी रंगवलेल्या फळ्यावर खडू घसरतो का?

दुधाचे या महिन्यात किती खाडे झाले? सिलेंडर कधी लावला होता? तूरडाळ संपत आलीय का? आजोबांनी सकाळची बीपीची गोळी घेतली का?

बहुतेक घरांत या सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाच्या डोक्यात असतात. तो माणूस, म्हणजे बहुतेक वेळा घरातली बाई, दोन दिवस बाहेरगावी गेली की बाकीचे एकेक डबा उघडून बघत बसतात.

आता तुम्ही म्हणाल, फॅमिली ग्रुप कशाला आहे मग? टाकून बघा. "मीठ आणा" हा मेसेज संध्याकाळपर्यंत चार गुड मॉर्निंग आणि एका वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. शिवाय पोळ्या करायला येणाऱ्या मावशी तुमच्या ग्रुपवर नसतात. भिंतीवरचा फळा मात्र येता-जाता सगळ्यांनाच दिसतो.

असा फळा घरी करणं अवघड नाही. तरीही अनेकांचा पहिला प्रयत्न फसतो, कारण काळा रंग दिला की फळा तयार झाला असं त्यांना वाटतं. घरात उरलेला काळा ऑइल पेंट प्लायवर मारला जातो, तो छान चमकतो आणि खडू त्यावरून नुसता सरकतो.

खडू हा मऊ पदार्थ. आपल्याकडचे साधे पांढरे खडू बहुतेक करून जिप्समचे असतात. खडबडीत पृष्ठभागावर तो घासला गेला की त्याची बारीक पूड तिथे अडकते आणि आपल्याला अक्षर दिसतं. चकचकीत रंगात चमक देणाऱ्या पदार्थाचा गुळगुळीत थर वर येतो, त्यामुळे खडूला घासायला काही मिळतच नाही. फळ्याच्या रंगात मात्र पूड जास्त असते, म्हणून तो वाळल्यावर मॅट आणि किंचित खरखरीत राहतो. म्हणजे रंग काळाच हवा असं काही नाही, तो खरखरीत हवा. शाळेतले कितीतरी फळे हिरवे होतेच की.

यासाठी सुताराकडे उरलेला प्लायचा तुकडा घ्या. दीड बाय दोन फूट पुरे झाला. एमडीएफ दिसायला गुळगुळीत असतं, पण पाणी लागलं की कडा फुगतात, त्यामुळे किचनसाठी प्लायच बरा. हार्डवेअरच्या दुकानात "ब्लॅकबोर्ड पेंट" म्हणून मागा. एवढ्या फळ्याला दोन हात द्यायला २०० मिलीचा डबा पुरून उरतो. सोबत वुड प्रायमर, थोडी लांबी, टर्पेंटाइन आणि १२० व २२० नंबरचा पॉलिश पेपर.

भोकं आणि खाचा लांबीने भरा, वाळल्यावर १२० नंबरने घासा, पुसा आणि प्रायमर मारा. तो पूर्ण वाळला की २२० नंबरने हलकेच घासून रंगाचा पहिला हात आडवा द्या. दुसऱ्या दिवशी दुसरा हात उभा. ब्रशपेक्षा फोमचा छोटा रोलर चांगला, रेघा उठत नाहीत. खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसपासून लांब, शक्यतो गॅलरीत बसून काम करा. टर्पेंटाइन पेट घेतं.

काळा नको असेल तर घरात उरलेलं कुठल्याही रंगाचं इमल्शन चालेल. एक कप इमल्शनमध्ये दोन मोठे चमचे टाइल्सचं ग्राउट, वाळू नसलेलं बारीक, गुठळ्या न होऊ देता कालवायचं. खरखर त्या ग्राउटमुळे येते. हे मिश्रण घट्ट होत जातं, म्हणून लागेल तेवढंच करा आणि हातात मोजे घाला, त्यात सिमेंट असतं.

जुन्या कपाटाचं दार वापरायचा मोह अनेकांना होतो. तो जरा आवरा. घरगुती रंगांमध्ये शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते कितीही असू शकतं, आणि असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर उडते. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार घातक. घरात लहान मूल असेल तर कोरा प्लायच घ्या, वाचलेले शेदोनशे रुपये त्या मोलाचे नाहीत.

रंग वाळला की लगेच लिहायला घ्यावंसं वाटतं. पण तीन दिवस थांबा. मग खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करा आणि कोरड्या फडक्याने पुसून टाका. खरखरीतल्या बारीक खाचा अशा आधीच भरल्या जातात. नाहीतर तुम्ही पहिल्यांदा लिहिलेलं "कोथिंबीर" पुसूनही पुढे कित्येक दिवस पुसट दिसत राहतं. पाटीवरची पेन्सिल मात्र यावर चालवू नका, रंगावर कायमचे ओरखडे उठतील.

फळा गॅसजवळ लावू नका. फोडणीची वाफ बसून तेलाचा पातळ थर चढला की खडू पुन्हा घसरायला लागतो. तसं झालंच तर साबणाच्या पाण्यात फडकं पिळून पुसा आणि वाळू द्या. ओट्याच्या वरही नको, पूड अन्नात पडते. फ्रिजशेजारची किंवा दाराजवळची भिंत उत्तम. घरात कोणाला दमा असेल तर कोरडं डस्टर टाळून ओलसर फडक्याने पुसा. भाड्याच्या घरात भिंतच रंगवायच्या फंदात पडू नका, डिपॉझिटचा प्रश्न असतो.

आता लिहायचं काय? सुविचार लिहायला हरकत नाही, पण कोपऱ्यात. मोठी जागा दुधाच्या खाड्यांना आणि संपलेल्या सामानाला. १४.२ किलोचा सिलेंडर लावला त्या दिवसाची तारीख लिहा. दोन-तीन सिलेंडरनंतर आपल्या घरात तो किती दिवस पुरतो हे कळतं आणि बुकिंग वेळेवर होतं.

गोळ्यांसाठी सकाळ-संध्याकाळ असे दोन चौकोन आखा आणि गोळी घेतली की घेणाऱ्यानेच खूण करायची. घेतली की नाही या गोंधळात बीपीची किंवा शुगरची गोळी दुसऱ्यांदा घेतली जाणं धोक्याचं असतं. डोस मात्र फळ्यावर लिहू नका. जाता-येता हात लागून अर्ध्याचा एक होऊ शकतो. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच बघायचा, आणि ती चिठ्ठी फळ्यामागे एका पिशवीत टांगून ठेवता येते.