जन्मभूमीचा अभिमान आणि इस्राएलमधील बेने इस्राएल समाज

स्थलांतरितांच्या अभ्यासात सामान्यतः असे गृहीत धरले जाते की, मनुष्य स्वदेश सोडून परदेशी जातो, आणि तेथे स्थिरावल्यावर स्वदेशाची स्मृती जतन करण्याचा अथवा ती विसरण्याचा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. कोकणातून इस्राएलमध्ये गेलेल्या बेने इस्राएल समाजाच्या बाबतीत हे गृहीतच लागू पडत नाही. त्यांच्या धर्मश्रद्धेप्रमाणे ते परदेशी गेले नव्हते, तर स्वदेशी परतले होते. हिब्रू भाषेत या स्थलांतरास ‘आलिया’ म्हणजे आरोहण म्हणतात. जो आरोहण करून आला त्याने मागे राहिलेल्या भूमीचा अभिमान का बाळगावा, हा प्रश्न नव्या राष्ट्राच्या धुरीणांस स्वाभाविक वाटला असल्यास नवल नाही. जन्मभूमी एक आणि पुण्यभूमी दुसरी, अशा स्थितीत पुण्यभूमीस पोहोचल्यानंतर जन्मभूमीचे काय होते, याचे हा समाज म्हणजे एक बोलके उदाहरण होय.

समाजाची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज गलबत फुटल्यामुळे अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यास लागले. या कथेचा काल निश्चित करता येत नाही. तथापि कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील गावोगाव ते तेलाचे घाणे चालवीत, शनिवारी काम बंद ठेवीत, आणि म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले जात, हे सर्वश्रुत आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडलेली आहेत. पुढे मुंबईत लष्कर, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांतून त्यांनी नोकऱ्या धरल्या. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 साली उभे राहिले. पुण्यात 1874 साली छापलेल्या मराठी भाषांतरासह असलेल्या हगादा या वल्हांडणाच्या पोथीतील चित्रांत बायका लुगडी नेसून बेखमीर भाकरी करीत असलेल्या दिसतात. मिसर देशातून झालेल्या सुटकेचा हा सण मराठी माणसाच्या स्वयंपाकघरात कसा बसला, हे त्या एका चित्रावरून कळते.

1948 साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले आणि 1950 च्या कायद्याने प्रत्येक ज्यू व्यक्तीस तेथे येण्याचा हक्क दिला. बेने इस्राएल लोक भारतातून छळामुळे निघाले नाहीत. ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे. युरोपातून आलेल्यांस मागील भूमीची आठवण म्हणजे संहाराची आठवण होती, आणि अनेक अरब देशांतून आलेल्यांसही मालमत्ता व सुरक्षितता गमावल्याची. कोकणातून आलेल्यांस मात्र मागे वळून पाहण्यास भय वाटत नव्हते.

नव्या राष्ट्राचे धोरण ‘मिझुग गालुयोत’ म्हणजे विविध निर्वासनांतून आलेल्यांचे मिश्रण करून एकजिनसी समाज घडविण्याचे होते. भारतातून आलेल्यांपैकी अनेकांस बेरशेबा, दिमोना यांसारख्या नेगेव वाळवंटातील वसाहतींत पाठविण्यात आले. मुंबईत लेखणी धरलेल्या हातांस तेथे मजुरी करावी लागली. वर्णभेदाच्या तक्रारी झाल्या, धरणी धरली गेली, आणि 1952 साली शंभराहून अधिक लोक भारतात परतले. त्यांतील बहुतेक पुढे पुनः इस्राएलला गेले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. दोन्ही भूमींचे आकर्षण खरे होते, असाच याचा अर्थ लावावा लागेल.

याहून खोल घाव 1962 साली बसला. घटस्फोट व विधवाविवाह यांविषयीचे शास्त्रोक्त विधी कोकणात पाळले गेले होते किंवा नाही, तसेच इतर जातींशी संबंध झाले होते काय, अशा शंका काढून मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणी करणाऱ्यांस आदेश दिला की, बेने इस्राएल वधू अथवा वर असल्यास मातृवंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. शतकानुशतके ज्या समाजाने शनिवारी घाणा जुंपला नाही, त्याच्याच ज्यूपणाविषयी संशय घेण्यात आला. समाजाने जेरुसलेममध्ये दीर्घ आंदोलन केले. ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित करून धर्मपीठास भेदभावाची भावना दूर करण्याचे आवाहन केले. त्यानंतर आदेशातून समाजाचे नाव वगळण्यात आले. शंकास्पद कुलाच्या चौकशीची सर्वसाधारण तरतूद मात्र राहिली.

या झगड्याचा जन्मभूमीच्या अभिमानाशी निकटचा संबंध आहे. कोकणातील वास्तव्य हे ज्या वेळी दूषण म्हणून पुढे करण्यात आले, त्या वेळी समाजास त्याचेच भूषण करावे लागले. ‘आम्ही ज्या देशातून आलो तेथे आमचा कधी छळ झाला नाही’ हे विधान मुंबईत राहणाऱ्यास सांगण्याचे कारणच पडत नव्हते. अभिमान हा पुष्कळदा मागून आणलेल्या सामानात नसतो, नव्या ठिकाणी कोणी त्या सामानाची झडती घेऊ लागले म्हणजे तो उत्पन्न होतो. अर्थात सर्वच काही आघातातून जन्मले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. स्वयंपाक, मेंदी आणि गाणी यांस कोणत्याही आघाताची गरज लागली नाही.

या दृष्टीने मलिद्याचा विधी विशेष चिंतनीय आहे. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा व सुका मेवा एकत्र करून, फळांसह एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने तो करतात. नवस फेडणे, विवाह, प्रवास अशा प्रसंगी तो होतो. अलिबागजवळील खंडाळे परिसरातील एका खडकावर या प्रेषिताच्या रथाची खूण उमटली आहे, अशी समाजाची श्रद्धा आहे. म्हणजे पुण्यभूमीचा प्रेषित त्यांनी कोकणात आणून वसविला होता. इस्राएलमध्ये हा समाज हैफा येथे कार्मेल पर्वतावरील प्रेषिताच्या गुहेशी जाऊन मलिदा करू लागला. प्रेषित स्वतःच्या डोंगरावर, परंतु त्याच्यापुढे ठेवलेले पोहे व नारळ कोकणचे! धर्मपीठाला अपरिचित असलेला हा विधी त्याच देशातील एका मान्य तीर्थस्थानी जाऊन बसला, हे समाजाच्या व्यवहारचातुर्याचेही लक्षण मानावे लागते.

भाषेची गोष्ट मात्र वेगळी आहे. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्राएलमध्ये निघत आले. परंतु शाळा व लष्कर हिब्रूचे असल्यामुळे तेथे जन्मलेल्या पिढीची मराठी घरगुती शब्दांपुरती उरली. पेण न पाहिलेला तरुण पेणकर म्हणवितो. आडनावातील ‘कर’ हाच त्याचा कोकणाशी लेखी संबंध. बायकांनी वह्यांत उतरून ठेवलेली बायबलमधील कथांवरची मराठी गाणी आणि 1880 च्या सुमारास हिंदू कीर्तनाच्या धर्तीवर या समाजात सुरू झालेली कीर्तने यांचा वारसाही तेथे गेला आहे. ही गाणी गाणाऱ्या स्त्रिया आता वृद्ध झाल्या आहेत. चालींचे ध्वनिमुद्रण काही अभ्यासकांनी केले असले, तरी वह्यांतील मजकुराची मराठी वाङ्मयाच्या अंगाने तपासणी होणे अगत्याचे आहे, कारण त्यांतील शब्दकळा मोशेची कथा सांगत असताना ओवीची व अभंगाची आहे.