नितळ पाण्यातलं न दिसणारं नायट्रेट

करमाड परिसरातल्या बोअरच्या पाण्याबद्दल बोलणं निघालं की एक मुद्दा ठरलेला असतो: पाणी काचेसारखं नितळ आहे, त्यात तपासायचं काय? गाळापुरता हा युक्तिवाद ठीक आहे, विरघळलेल्या पदार्थांना तो लागू पडत नाही. द्रव रंगीत दिसतो, कारण पांढऱ्या प्रकाशातला काही भाग तो शोषतो. मोरचुदाचं पाणी निळं दिसतं, कारण ते तांबडा-नारिंगी प्रकाश शोषतं आणि उरलेला आपल्यापर्यंत येतो. पण आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश दिसतो. युरियातून, उकिरड्यातून, शोषखड्ड्यातून बसाल्टच्या भेगांत झिरपणारं नायट्रेट प्रकाश शोषतं ते २२० नॅनोमीटरच्या आसपास, अतिनील पट्ट्यात. लिटरमागे ते ५ मिलिग्रॅम असो की १००, दोन्ही पेले सारखेच स्वच्छ दिसणार. प्रयोगशाळेतला स्पेक्ट्रोफोटोमीटर नेमका हाच प्रकाश नमुन्यातून सोडतो आणि पलीकडे किती पोचला ते मोजतो.

यावर 'आमचे आजोबा हेच पाणी प्यायले' हे उत्तर येतं. आजोबांच्या काळात कपाशी-मक्याला युरियाच्या एवढ्या गोण्या पडत नव्हत्या, म्हणजे पाणीही 'हेच' नव्हतं. शिवाय मोठ्यांना जे सोसतं ते सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला सोसत नाही. नायट्रेटपासून बनणारं नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन करतं, ते प्राणवायू वाहत नाही आणि बाळ निळसर पडतं. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तीत सवलत नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत ती ओलांडलेली होती. हे सगळं पाणीही बहुधा नितळच दिसत असणार!

'यंत्र चुकत नाही का?' हा प्रश्न मात्र रास्त आहे. पाण्यातला सेंद्रिय पदार्थही २२० ला प्रकाश शोषतो आणि नायट्रेटचा आकडा फुगवतो. म्हणून २७५ नॅनोमीटरला दुसरं मोजमाप घेतात. तिथे नायट्रेट शोषत नाही, सेंद्रिय पदार्थ शोषतो, आणि तेवढा भाग वजा करता येतो. सेंद्रिय भार जास्त असेल तर पद्धतच बदलावी लागते. शुद्ध पाणी आणि ज्ञात प्रमाणाची द्रावणं आधी मोजल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. आणि हिशेब सरळ भागाकाराचा नाही: एका द्रावणातून १० टक्के प्रकाश पार होत असेल, तर दुप्पट तीव्रतेच्या द्रावणातून ५ नव्हे, १ टक्का होतो.

बाकीचे समज थोडक्यात. टीडीएस कमी म्हणजे नायट्रेट नाही: टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं, कोणता क्षार आहे हे त्याला कळत नाही. तुरटी फिरवली की झालं: तुरटीने गाळ बसतो, नायट्रेट नाही. उकळलं की जातं: पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. अहवालात १० आलं म्हणजे निर्धास्त: आधी एकक वाचा. तो आकडा 'नायट्रोजन म्हणून' दिला असेल, तर नायट्रेट सुमारे ४४ मिलिग्रॅम आहे, म्हणजे मर्यादेला टेकलेलं.