नाट्यवाचन
नाटकाची संहिता हाती ठेवून, नेपथ्य, वेशभूषा व हालचाली यांना बहुतांशी फाटा देऊन श्रोत्यांसमोर केलेले प्रकट वाचन. मराठीत यास ‘अभिवाचन’ असेही म्हणतात. वाचक भूमिका वाटून घेतात. आवश्यक तेवढ्याच रंगसूचना निवेदक वाचतो. प्रसंग रंगमंचावर न घडता श्रोत्यांच्या कल्पनेत घडतो. म्हणून आवाज बदलून पात्रे रंगविण्याचा अतिरेक केल्यास ते धड वाचन राहत नाही आणि प्रयोगही होत नाही.

शब्दप्रधान नाटकांना हा प्रकार विशेष मानवतो. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या मॅन अँड सुपरमॅन (१९०३) या नाटकाचा तिसरा अंक म्हणजे मुख्यतः नरकातील दीर्घ तात्त्विक वादविवाद. लांबीमुळे तो प्रयोगातून बहुधा वगळला जाई; १९०५ मधील लंडनच्या प्रयोगातही तो नव्हता. चार्ल्स लॉटन यांनी १९५१ मध्ये अमेरिकेत तोच भाग वाचनरूपाने सादर केला. चार नट समारंभी पोशाखात स्टुलांवर बसत. समोरच्या स्टँडवर संहिता असे. वस्तुतः संवाद त्यांना मुखोद्गत होते. संहिता हा केवळ संकेत होता. तरीही या संकेतामुळेच दृश्याची अपेक्षा मावळून लक्ष युक्तिवादावर खिळले आणि हे वाचन अतिशय लोकप्रिय झाले. हालचालींवर उभ्या असलेल्या प्रहसनाचे मात्र वाचनात फारसे काही उरत नाही.