फंड बदलताय? आधी हिशोब बघा

'आमचा फंड चालत नाय, पैसे दुसऱ्या फंडात टाकू का?' असं बरेच बोटमालक विचारतात, म्हणून लिहितो आहोत.

एकाच कंपनीच्या एका फंडातून दुसऱ्यात पैसे नेणं म्हणजे स्विच. पैसे हातात येत नाहीत, म्हणून फुकट वाटतं. पण कायद्याने ती आधी विक्री, मग नवी खरेदी. समजा शेअरच्या फंडात 2 लाख टाकले, दहा महिन्यांत 2 लाख 40 हजार झाले. वर्षाच्या आत काढल्यावर बऱ्याच फंडांत 1 टक्का एक्झिट लोड, म्हणजे 2,400 गेले. राहिलेल्या 37,600 नफ्यावर, करात बसत असाल तर, 20 टक्के म्हणजे 7,520. सेस वेगळा. वर्ष उलटू दिलंत तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के.

एजंट मागच्या वर्षीचा परतावा दाखवतो. गेल्या हंगामात जिथे म्हावरं लागलं तिथेच यंदाही लागतं काय?

जून-जुलैच्या बंदीत लागणारा पैसा शेअरच्या फंडात मुळात नकोच.

हैदराबादची केफिनटेक अनेक फंडांच्या नोंदी ठेवते. तिच्या स्टेटमेंटवर खरेदीची तारीख असते. एसआयपीत प्रत्येक हप्त्याचं वर्ष वेगळं मोजतात. स्टेटमेंट घेऊन सोसायटीत या, तारखा एकत्र बघू.